ढेकूण झालेत हे लपवू नका, आणि त्या गोळ्या तर अजिबात घरात आणू नका

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे:

"आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये भाड्याने राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. गणपतीनंतर ओळखीतून एक जुना बॉक्स बेड घेतला. दिवाळीपासून मुलीच्या हातावर आणि मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. डॉक्टरांनी अॅलर्जी सांगून औषध दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मिस्टरांना काहीच होत नाही त्यामुळे ते म्हणतात डास असतील. मागच्या आठवड्यात चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले आणि रात्री लाइट लावला तर उशीखाली एक ढेकूण. झुरळांचा स्प्रे आणून मारला, चार दिवस बरे गेले आणि आता सोफ्यावर बसलं तरी चावतात. सासूबाई म्हणतात कोणाला सांगू नको, लोक नावं ठेवतील. मिस्टर म्हणतात गाद्या फेकून देऊ. त्यांच्या ओळखीचा एक माणूस म्हणतोय गोळ्या ठेवून दोन दिवस घर बंद करा, सगळे मरतील. मला वाटतंय मुलांना घेऊन माहेरी जावं. काय करू, मला तर रात्री झोपच येत नाही."

आधी त्या गोळ्यांचं बोलते, बाकी सगळं नंतर. त्या माणसाला आजच फोन करून नको म्हणून सांगा. त्या धान्याच्या कोठारात वापरायच्या गोळ्या असतात, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, लोक सल्फास म्हणून ओळखतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस सुटतो आणि त्याच्यावर उतारा नाही, म्हणजे माणूस वेळेत हॉस्पिटलला पोचला तरी डॉक्टर फक्त त्याचं शरीर तगवायचा प्रयत्न करू शकतात, विष मारणारं औषध त्यांच्याकडेही नसतं. तुम्ही घर बंद करून गावाला जाल पण गॅस काही तुमच्या कडीकुलपात थांबत नाही, तो दाराखालून, पाइपाच्या भोकातून, वायरिंगच्या नळीतून शेजारच्या खोलीत जातो आणि तिथे कोणाचं तरी लेकरू झोपलेलं असतं. ढेकणांसाठी ठेवलेल्या गोळ्यांनी माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे एकदा नाही अनेकदा आल्यात. या गोळ्या साध्या गिऱ्हाइकाला विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे जो माणूस त्या खिशातून काढून देतोय तो तुमचं भलं करत नाहीये. आणि उद्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणी ठेवल्या आणि घरात लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास यायला लागला, मळमळायला लागलं, छाती भरून आली, तर विचार करत बसू नका, मुलांना उचलून मोकळ्या हवेत या आणि थेट हॉस्पिटल गाठा. वास आला नाही म्हणजे गॅस नाही असंही समजू नका.

आता लोक नावं ठेवतील त्याबद्दल. सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा की ढेकूण अस्वच्छतेने होत नाहीत. त्याला खरकटं लागत नाही, कचरा लागत नाही, त्याला फक्त माणसाचं रक्त लागतं आणि अंग चोरून बसायला एक फट लागते, ती फट झोपडीत असते तशी पंचतारांकित हॉटेलातही असते. २०२३ साली पॅरिसमध्ये ट्रेन आणि थिएटरमधल्या ढेकणांवरून एवढा गदारोळ झाला की सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. तो येतो तो सामानातून, प्रवासातल्या बॅगेतून, हॉस्टेलच्या गादीतून, थिएटरच्या खुर्चीतून आणि जुन्या फर्निचरमधून, तुमच्या बाबतीत बहुतेक त्या बॉक्स बेडमधूनच. माझं स्पष्ट मत आहे की ढेकणांचा सगळ्यात मोठा मित्र म्हणजे आपली लाज. आपण गप्प बसतो, तेवढ्या महिन्या-दीड महिन्यात अंड्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायला लागतात आणि मग प्रकरण एका पलंगावरून भिंतीपलीकडच्या दोन घरांत जातं.

मिस्टरांना काही होत नाही म्हणून त्यांना चावत नाही असं नाही बरं का. चावल्यावर गांध उठणं हे ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे, काहींच्या अंगावर खूणही उमटत नाही, काहींना दोन-चार दिवसांनी उठते, आणि मुलांची कातडी नाजूक. म्हणून नुसत्या गांधीवरून ढेकूण आहे की डास आहे की पिसू हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही, त्यांनी अॅलर्जी म्हटलं त्यात त्यांची चूक नाही. एक मात्र बघा, मुलीच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला किंवा काखेत बारीक पुरळ असेल आणि घरातल्या बाकीच्यांनाही रात्री खाज येत असेल तर ती खरूज असू शकते, तिचं औषध पूर्ण वेगळं आहे, ते स्किनच्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. ढेकणांच्या गांधी बहुतेक उघड्या राहिलेल्या भागावर असतात आणि बऱ्याचदा तीन-चार एका ओळीत. साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा, नखं कापा. खाजवून पू झाला तर डॉक्टर. आणि ढेकूण चावल्याने मलेरिया-डेंग्यूसारखा काही रोग पसरल्याचं आढळलेलं नाही, त्यामुळे ती एक भीती मनातून काढून टाका, निदान तेवढी तरी झोप येईल.

तुम्हाला एक जिवंत सापडलाय म्हणजे आहेत की नाहीत हा प्रश्न उरलाच नाही, आता कुठे कुठे आहेत ते शोधायचं. हे काम दिवसा करा, मुलांना शेजारच्या घरी बसवा, एक चांगली टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड, ओला कापूस आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन बसा. गादीवरची चादर झटकू नका, हळू गुंडाळून पिशवीत घाला. मग गादीची कडेची पाईपिंग दोन बोटांनी उलटी करत चारही बाजूंनी फिरा. काळे बारीक ठिपके दिसतील, बॉलपेन टेकवल्यासारखे, दोन-चार एकत्र. ओला कापूस फिरवा, ठिपका तपकिरी-लालसर होऊन पसरला तर ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. जवळच फिकट पिवळसर पारदर्शक सालं पडलेली असतील, ती पिल्लांनी टाकलेली कात. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला पोटभर रक्त लागतं. अंडी पांढरी, जेमतेम १ मिलिमीटर, फटीत चिकटवून ठेवलेली, झटकून पडत नाहीत. मोठा ढेकूण ४-५ मिलिमीटर, चपटा, तपकिरी, आणि रक्त प्यायलेला असला की फुगून लांबट लाल होतो. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही, जे काही करतो ते चालत.

गादी झाली की बेड. खरा अड्डा तिथेच असणार. बॉक्स बेडचं झाकण उचलून बिजागऱ्या बघा, आतल्या कोपऱ्यात जिथे प्लायला प्लाय जोडलाय तिथे, सनमायका सुटलेला असेल त्याच्या मागे, खिळ्यांच्या भोकांत. एटीएम कार्ड फटीत घालून हळू ओढत न्या आणि जे बाहेर येईल ते साबणाच्या पाण्यात टाका. हेडबोर्ड भिंतीला टेकलेलं असेल तर स्क्रू काढून त्याची मागची बाजू बघाच, मला तर वाटतं निम्म्या घरांत सगळा संसार तिथे थाटलेला असतो आणि लोक गादी झटकत बसतात. मग सोफ्याच्या खालचं काळं कापड, पडद्याच्या वरची शिवण, पलंगाजवळची तसबीर आणि कॅलेंडरची मागची बाजू, वायरिंगची पट्टी, दरवाजाची चौकट. झोपायच्या जागेपासून साधारण दोन मीटरच्या आत बहुतेक सगळे सापडतात, माणसापासून लांब राहणं त्यांना परवडत नाही.

स्प्रे मारल्यावर सोफ्यात कसे गेले? त्याच स्प्रेमुळे. झुरळांच्या बहुतेक स्प्रेंमध्ये जे औषध असतं त्याला ढेकूण बऱ्याच अंशी सरावलेत, समोर दिसतो तो मरतो पण फटीतल्याला नुसता त्रास होतो आणि तो जागा बदलतो. ही गोष्ट आजची नाही, १९५३ पासून मलेरियासाठी आपल्याकडे घरोघर डीडीटी मारलं गेलं, ढेकूण त्यालाही पचवून बसले. वर अंड्यांवर या स्प्रेंचा फारसा परिणाम होत नाही, आठवडा-दहा दिवसांत नवीन पिल्लं बाहेर. म्हणून स्प्रे आता बंद. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे तर चुकूनही नको, वन रूम किचनमध्ये गॅसची शेगडी किती लांब असते तुम्हीच सांगा. डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, खडूच्या रेघा यांनी ढेकूण जात नाहीत, मनाचं समाधान होतं आणि वेळ जातो.

ढेकणांना खरं मारते ती उष्णता. ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही काही मिनिटांत मरतात आणि याला तो सरावू शकत नाही. पूर्वी चाळीत लोखंडी खाटा गॅलरीत काढून त्यांच्यावर उकळतं पाणी ओतायचे, ते अगदी बरोबर होतं. तुमचा बेड प्लायचा आहे त्यामुळे त्याला ते चालणार नाही, फुगून बसेल, पण कपड्यांना चालेल. चादरी, अभ्रे, पडदे, मुलांचे रात्रीचे कपडे, गोधडीची खोळ हे सगळं पिशवीत बंद करून मोरीपर्यंत न्या, ६० अंशांच्या पाण्यात म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा (मोरीचं दार लावून घ्या, धाकटा अडीच वर्षांचा आहे), मग धुवा आणि वाळल्यावर शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. जे धुता येत नाही पण सुती आहे त्याच्यावर नुसती इस्त्रीसुद्धा चालते, सावकाश, शिवण न शिवण. धुतलेलं परत त्याच कपाटात कोंबू नका, नवीन पिशव्या घ्या आणि तोंड बांधून ठेवा, काम संपेपर्यंत त्याच पिशव्यांतून कपडे काढून वापरायचे. कटकट आहे, मान्य, पण इथेच लोक ढिले पडतात.

गादीला ऊन दाखवणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्याने गादी खुटखुटीत होते, वास जातो, हे खरं आहे, पण ढेकणांसाठी त्यावर भरवसा ठेवू नका. ऊन लागलं की तो खालच्या सावलीच्या बाजूला सरकतो आणि गादीच्या आत तर मे महिन्यातही तेवढी उष्णता पोचत नाही, आत्ताच्या थंडीच्या उन्हात तर विषयच सोडा. कापसाची गादी असेल तर खोळ काढून उकळून घ्या आणि कापूस पिंजाऱ्याकडे द्यायचा असेल तर घट्ट बांधलेल्या पिशवीत द्या आणि कशासाठी देताय ते त्याला सांगा, त्याच्याकडे चार घरांच्या गाद्या असतात. फोमच्या गादीच्या शिवणीवरून वाफेचं मशीन फिरवता येतं, कपड्यांच्या स्टीमरसारखं, कोणाकडून मिळालं तर बघा, फक्त अगदी सावकाश फिरवायचं आणि मशीनच्या तोंडाला सुती फडकं बांधायचं, नाहीतर वाफेच्या जोराने ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. स्विचबोर्डजवळ वाफ नेऊ नका. नंतर गादीला चेनवालं सगळीकडून बंद कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका, आत राहिलेला उपाशी मरतो.

म्हणजे गाद्या फेकायची गरज नाही. फेकल्या तरी ढेकूण बेडमध्ये आणि सोफ्यात आहेतच, नवीन गादी आणलीत की आठवड्यात तीच गत. बॉक्स बेडचं मात्र मी वेगळं सांगेन, तो आतून सगळीकडे भरलेला निघाला आणि प्लाय सुटत आला असेल तर ठेवण्यात अर्थ नाही. पण काढाल तेव्हा उचलून नाक्यावर ठेवू नका. आधी त्याच्यावर औषध मारून घ्या, घरातच तोडा, प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि वर मोठ्या अक्षरात ढेकूण आहेत असं लिहा. तुमच्यासारखीच कोणीतरी गरज म्हणून तो उचलून नेईल आणि तिच्या घरात हे सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

माहेरी जाण्याचं आत्ता थांबवा. मुलांच्या बॅगेतून ढेकूण आईकडे पोचतील, आणि इथे राहिलेले मिस्टरांवर आणि सासूबाईंवर जगतील, नाहीतर उपाशी महिनोन् महिने काढतील, त्यांना ते जमतं. झोपायची जागाही बदलू नका, स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंत तर ते माणसाच्या श्वासाच्या आणि ऊबेच्या मागावर तिथे येतील आणि मग किचनच्या ट्रॉल्याही तपासाव्या लागतील. आहे तिथेच झोपा पण बेड भिंतीपासून वीतभर लांब घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका, बेडच्या पायांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळा. आपल्याकडे मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, ते नको, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. कोरड्या प्लॅस्टिकच्या वाट्या ठेवल्यात तर चालतील, रोज सकाळी त्यात कोणी पडलंय का ते बघायला, पण आपल्याकडचा उष्ण हवेतला ढेकूण गुळगुळीत कडेवरही चढतो त्यामुळे वाटी रिकामी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. बॉक्स बेडला पाय नसतील तर गादी तपासून, कव्हर घालून काही दिवस साध्या लोखंडी पलंगावर टाका, भाड्याने किंवा कोणाकडून तरी मिळतो.

एवढं करूनही तुमच्या घराला पेस्ट कंट्रोल लागणार असं मला वाटतं, कारण सोफ्यापर्यंत पसरलेत. त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवा, स्प्रेंवर घालवू नका. माणूस निवडताना स्वस्त कोण हे शेवटी बघा. परवाना दाखवा म्हणायचं, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तो लागतो. कोणतं औषध मारणार त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि डब्यावरचं लेबल बघायचं, बिनलेबलची बाटली घेऊन आला तर दारातूनच परत. किती राउंड असं विचारा, एका राउंडमध्ये गॅरंटी देणारा खोटं बोलतोय कारण अंडी वाचतात, किमान दोन लागतात, मधे साधारण दोन आठवडे, आणि बऱ्याचदा तिसराही. फवारणी फटीत, सांध्यात, बेडच्या आतून व्हायला हवी, मुलांच्या कपड्यांवर, उशांवर आणि भांड्यांवर नाही. मारून झाल्यावर पूर्ण वाळेपर्यंत आणि मग खिडक्या उघडून हवा खेळेपर्यंत मुलं आणि सासूबाई बाहेर, किती तास ते त्याच्याकडून औषधाच्या लेबलप्रमाणे विचारून घ्या. दिवसभर घराबाहेर राहायचं झालं तर शेजारी किंवा बागेत, बॅगा न नेता. आणि एक, फवारणीनंतर लगेच पोछा मारून सगळं धुऊन काढू नका, कडेच्या फटींतलं औषध राहू द्या, मधली फरशी जिथे धाकटा खेळतो तेवढी पुसा.

दोन राउंडच्या मधल्या काळात एक-दोन दिसले तर घाबरू नका, ती नवीन निघालेली पिल्लं असतात आणि दुसरा राउंड त्यांच्यासाठीच आहे. त्या दिवसांत भिंतीच्या फटी, चौकटीच्या चिरा, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून घ्या, मालकाची परवानगी घेऊन. कारण मालकाला सांगायचंच आहे. घाबरत घाबरत नाही, सरळ सांगा की ढेकूण आलेत, आम्ही स्वतःहून पेस्ट कंट्रोल करतोय, बाजूच्या दोन खोल्याही त्याच दिवशी बघून घेतल्या तर बरं, नाहीतर भिंतीतून परत येतील. खोली मालकाची आहे, ती सुधारतेय यात त्याचाच फायदा आहे, आणि त्याला तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं केव्हाही चांगलं. शेजारणीशी तर तुम्हीच बोला. मला दाट शंका आहे की तिच्याकडेही आहेत आणि तीही गप्प आहे.

दुसऱ्या राउंडनंतर दर आठवड्याला एकदा टॉर्च घेऊन तीच पाईपिंग, तेच सांधे बघायचे, जुने काळे ठिपके आधी पुसून टाका म्हणजे नवीन पडला तर लगेच कळेल. सलग दोन महिने नवीन ठिपका नाही, जिवंत ढेकूण नाही, नवीन गांध नाही, तर गेले समजा. आणि तीन आठवड्यांनंतरही जिवंत दिसत राहिले तर त्याच औषधाचा आणखी एक राउंड घेऊ नका, एखादा डबीत पकडून पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा आणि वेगळ्या प्रकारचं औषध किंवा वाफेचं मशीन घेऊन यायला सांगा.